जपानी उरुशी ‘शोभेची वस्तू’ कशी झाली?

१/
आरशासारखा काळाभोर पृष्ठभाग, त्यावर सोनेरी बगळे, पाइनच्या फांद्या, शरदातले गवत. वरून छोटासा प्रकाशझोत आणि भोवती काचेचे कपाट. जुनी जपानी ‘लॅकर’ची पेटी घरात कुठे शोभेल हे सांगणाऱ्या सजावटीच्या मासिकांत आणि विक्रेत्यांच्या छायाचित्रांत हेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसते. पाहणाऱ्याला वाटते, वस्तूचा यथोचित मान राखला गेला. वस्तुतः या दृश्यात त्या वस्तूचे नाव चुकले आहे, प्रयोजन चुकले आहे आणि तो प्रकाशझोत तर तिला दररोज थोडेथोडे झिजवतो आहे. हा थ्रेड त्या काचेच्या कपाटाविरुद्ध आहे.

२/
आधी नाव. ‘लॅकर’ हा शब्द जपानी नाही. त्याचे मूळ संस्कृत ‘लाक्षा’, म्हणजे लाख. फारसी-अरबीतून तो पोर्तुगीजांच्या तोंडी ‘लाका’ आणि ‘लाक्रे’ झाला व पुढे युरोपभर पसरला. लाख हा पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवर वस्ती करणाऱ्या किड्यांचा राळेसारखा स्राव. जपानी पेटीत त्या लाखेचा कणही नसतो. तिथला पदार्थ झाडाचा चीक आहे, आणि झाड व चीक या दोहोंचे नाव एकच : उरुशी. भारतातल्या पदार्थाचे नाव युरोपीय व्यापाऱ्यांनी पूर्वेकडच्या सर्वस्वी वेगळ्या पदार्थाला चिकटवले आणि ते चिकटूनच राहिले. मराठीत ‘जपानी लाखकाम’ असे लिहिणे ही त्याच चुकीची दुसरी आवृत्ती. सावंतवाडीचे लाखकाम आपल्या जागी थोर आहे. उरुशीशी त्याचे नाते केवळ या नामसाधर्म्यापुरते.

३/
खरे नाते दुसरीकडे आहे. उरुशीचे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातले. बिब्बा उतून अंगावर फोड आलेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला उरुशीचा स्वभाव निराळा सांगावा लागत नाही. कच्च्या उरुशीचा स्पर्श झाला की त्वचेवर असेच चट्टे उठतात. त्याला कारण असलेल्या द्रव्याला रसायनशास्त्रात उरुशिओल म्हणतात, आणि बिब्ब्याच्या तेलात त्याचीच जवळची भावंडे असतात. झाड चीक देण्याजोगे व्हायला १० ते १५ वर्षे लागतात. मग एका हंगामात खोडाला चरे पाडत, थेंब थेंब खरवडत मिळतो तो सुमारे २०० ग्रॅम चीक, म्हणजे जेमतेम वाटीभर. प्रचलित पद्धतीत त्यानंतर ते झाड तोडतात आणि बुंध्याला फुटलेले कोंब पुढच्या पिढीसाठी वाढवतात. सोनेरी बगळ्यांकडे पाहताना ही वाटी कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. तिचा उल्लेख विक्रेत्याच्या वर्णनातही नसतो.

४/
हा चीक रंगासारखा वाळत नाही. हवेतला ओलावा घेऊन तो कठीण होतो. साधारण २० ते २५ अंश तापमान आणि ७० ते ८० टक्के आर्द्रता असली, तरच त्यातले विकर काम करते. म्हणून कारागीर लेप दिलेली वस्तू मुद्दाम दमट ठेवलेल्या लाकडी कपाटात ठेवतात. एक थर, मग घासणे, मग पुन्हा थर. हे विकर १८८३ साली प्रथम वर्णन केले ते हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने. पुढे त्याचे नाव काय पडले? ‘लॅकेज’. तिथेही लाख आलीच.

एकदा पुरती कठीण झालेली उरुशी आम्लाला, क्षाराला, मिठाला, मद्याला दाद देत नाही. उकळते सूप ओतले तरी लाकडाचा वाडगा ओठांना सोसवतो. हा थर मुळात अन्नाशी, पाण्याशी आणि मानवी हाताशी झुंजण्यासाठी घडलेला आहे.

५/
त्याचा सर्वांत विलक्षण पुरावा समुद्रातून आला. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात जपानने पाठवलेल्या अनेक वस्तू परत आणणारे ‘नील’ हे फ्रेंच जहाज मार्च १८७४ मध्ये इझु द्वीपकल्पाजवळ बुडाले. वर्षभराहून अधिक काळ खाऱ्या पाण्यात पडून राहिलेल्या काही उरुशी वस्तू पुढे बाहेर काढण्यात आल्या, तेव्हा त्या जवळजवळ जशाच्या तशा होत्या. (सगळ्या वाचल्या नाहीत. कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमान देवस्थानाची, होजो मासाको हिच्या नावाशी जोडलेली प्राचीन पेटी त्या जहाजाबरोबर कायमची गेली. परदेशी प्रेक्षकांना दिपवण्यासाठी तिला मुळात देवस्थानाबाहेर काढले होते, हे विसरता येत नाही.)

६/
समुद्राला पुरून उरणारी ही वस्तू खिडकीशेजारच्या टेबलावर मात्र हरते. उरुशीचा खरा वैरी प्रकाश, विशेषतः त्यातले अतिनील किरण. पृष्ठभागावरचे रेणू तुटू लागतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, चकाकी मंदावते, काळा रंग तपकिरीकडे झुकतो. एवढे झाले की जो थर आम्लालाही हटला नव्हता, त्यावर पाण्याच्या थेंबाचा डाग राहतो. कोरडी हवा दुसरा वैरी : आतले लाकूड आकसते आणि वरचा थर उचलला जातो. म्हणून संग्रहालये अशा वस्तू सुमारे ५० लक्स एवढ्या मंद उजेडात आणि तेही थोडेच दिवस मांडतात. उन्हाच्या खोलीत खिडकीजवळ हाच आकडा हजारोंच्या घरात असतो. शिवाय बंद काचेच्या कपाटात दिवा लावला की उष्णतेने हवा आणखी कोरडी होते. सजावटकार ज्याला ‘हायलाइट करणे’ म्हणतो, ती जतनशास्त्राच्या भाषेत हानीच आहे.

७/
मग ज्यांनी ही वस्तू घडवली, ते ती ठेवत कशी? मराठी घराला हे समजायला दूर जावे लागत नाही. सुजाण घरातली पैठणी मलमलीत गुंडाळून पेटीत असते. कार्याला बाहेर येते, नेसली जाते, हवा खाते आणि पुन्हा घडीत जाते. उरुशीची मोलाची वस्तूही अशीच मऊ कापडात गुंडाळून किरी नावाच्या हलक्या लाकडाच्या पेटीत राहते. ही पेटी दमटपणा आणि कोरडेपणा यांतले चढउतार सौम्य करते. तिच्या झाकणावर पुष्कळदा वस्तूचे आणि कर्त्याचे नाव कुंचल्याने लिहिलेले असते. युरोपात गेलेल्या असंख्य वस्तूंच्या या साध्या पेट्या मागेच राहिल्या किंवा फेकल्या गेल्या. सोने नसलेले लाकूड ठेवून काय करायचे?

८/
वस्तू बाहेर यायची ती तेलाच्या दिव्याच्या, कागदी दारांतून झिरपणाऱ्या उजेडात. सोन्याची भुकटी ओल्या उरुशीवर शिंपडून काढलेल्या चित्रांना माकि-ए म्हणतात, अर्थ ‘शिंपडलेले चित्र’. हे सोने त्या अंधारासाठी मोजूनमापून वापरलेले असे. जुनिचिरो तानिझाकी याने १९३३ साली सुरू केलेल्या ‘छायेची प्रशंसा’ या निबंधात हा मुद्दा कायमचा मांडून ठेवला. दुर्दैव असे की आता हा निबंधच सजावटीच्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर शोभेला लावलेला आढळतो, आणि दुसऱ्या पानावर तोच प्रकाशझोत.

९/
आणि मोलाच्या वस्तू म्हणजे सगळी उरुशी नव्हे. बहुतांश उरुशी वाडग्यांत, ताटांत, एकावर एक बसणाऱ्या डब्यांत, कंगव्यांत, लेखनपेट्यांत, खोगिरांत, देवघरांत आणि खांबांवर होती. जोमोन काळातल्या उत्खननांत हजारो वर्षांपूर्वीचे लाल उरुशीचे लाकडी कंगवे सापडले आहेत. ते केसांत खोवण्यासाठी होते. ‘जपानी उरुशी म्हणजे राजदरबारी चैनीची वस्तू’ हे चित्र म्हणूनच एकांगी ठरते. ते चित्र जहाजांतून जे परदेशी गेले त्यावरून बनले, घरांत जे राहिले त्यावरून नव्हे.

१०/
ही जहाजे कुठली? इथे गोव्याचा खराखुरा संबंध येतो. १५४३ मध्ये पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर पोहोचले. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला उतरला. १५७१ पासून नागासाकी हे पोर्तुगीजांचे बंदर झाले आणि नागासाकी–मकाव–गोवा–लिस्बन असा मार्ग चालू झाला. क्योतोच्या कारखान्यांना नवे गिऱ्हाईक मिळाले. येशू संघाच्या आद्याक्षरांच्या पवित्र डब्या, रेहलसारखी घडीची ग्रंथासने, दारे असलेल्या छोट्या वेदी, अर्धगोल झाकणाच्या पेट्या, पुढची फळी खाली उघडणारी कपाटे. यांतली बहुतेक रूपे जपानी घरात निरुपयोगी होती. जपान्यांनी या मालाला ‘नानबान’ म्हटले, म्हणजे दक्षिणेकडच्या रानटी लोकांचा.

११/
नानबान वस्तू नीट पाहा. शिंपल्यांचे तुकडे, सोने, वेली, फुले यांनी पृष्ठभाग इतका गच्च भरलेला असतो की बोट ठेवायला जागा नाही. गुजरातेत शिंपल्यांनी मढवलेल्या पेट्या पोर्तुगीजांना आवडत, आणि तोच नमुना क्योतोपर्यंत गेला असे अभ्यासक मानतात. देशी वस्तूंतली रिकामी काळी जागा, जिच्यात जपानी कारागिराचे सारे कसब एकवटे, ती गिऱ्हाइकाला नको होती. त्याला पैशाच्या मानाने ऐवज हवा होता. माल लवकर हवा म्हणून खालचे थर उरुशीऐवजी सरसासारख्या स्वस्त द्रव्यात घोटले जात, आणि लेपही कमी दिले जात. आज युरोपातल्या पुष्कळ पेट्यांचा थर सुटतो आहे त्याचे एक कारण हे. शोभेची वस्तू म्हणून घडवलेली उरुशी हाच उरुशीचा पहिला कमअस्सल अवतार होता.

१२/
१६३९ मध्ये पोर्तुगीजांना जपानातून हाकलले. १६४१ पासून डच देजिमावर बंदिस्त झाले. त्यांच्या मार्फत काही अपूर्व वस्तूही बाहेर गेल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात बटाव्हियाच्या गव्हर्नर-जनरलची पत्नी मारिया व्हान डीमेन हिचे नाव कोरलेली पेटी आहे आणि १६४० च्या सुमाराची ‘माझारिन पेटी’ आहे. कारागिरीचे याहून वरचे टोक दाखवणे कठीण. पण या वस्तू युरोपात पोहोचल्यावर त्यांचे काय झाले? जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या नजरेसाठी जन्मलेल्या परंपरेतली कपाटे कोरीव, सोनेरी मुलाम्याच्या उंच पायांवर चढली. कित्येकांच्या कप्प्यांत कधी काही ठेवलेच गेले नाही.

१३/
पॅरिसने त्यापुढचे पाऊल टाकले. अठराव्या शतकात तिथल्या चैनीच्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांना जुन्या जपानी कपाटांपेक्षा त्यांचे पृष्ठभाग अधिक मोलाचे वाटले. मग कपाटे करवतीने कापली गेली. मागचे लाकूड तासत तासत काही मिलिमीटरपर्यंत पातळ केले आणि ती कातडी फुगीर पोटाच्या फ्रेंच कपाटांवर वाकवून चिकटवली. कडेने पितळी वेलबुट्टी. बेर्नार व्हान रिसनबुर्ग, मार्तँ कार्लँ, झाँ-आँरी रीझनर ही यातली गाजलेली नावे. रीझनरने १७८३ मध्ये मारी आंत्वानेतसाठी केलेले कपाट आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, आणि त्यावरचे फलक सतराव्या शतकातल्या जपानी उरुशीचे आहेत. फ्रेंच सुतारकामाचा तो उत्तम नमुना आहे, यात वाद नाही. मात्र त्यासाठी जे जपानी काम चिरले गेले, त्याचे मूळ रूप आता कोणी पाहू शकत नाही. कलाइतिहासाच्या पुस्तकांत याला ‘पुनर्वापर’ असे सौम्य नाव आहे. ताडपत्री पोथी फाडून तिच्या पानांनी भिंत मढवली असती, तर हाच शब्द सुचला असता काय?

१४/
इथे हमखास येणारा प्रतिवाद : युरोपाने या वस्तूंवर प्रेमही केले, मारी आंत्वानेतचा संग्रह पाहा. खरे आहे. १७८० मध्ये तिची आई मारिया थेरेसा वारली आणि सुमारे ५० जपानी डब्या लेकीकडे आल्या. तिने त्यांत भर घातली, आणि राज्यक्रांतीच्या धामधुमीतही तो संग्रह बचावला. त्यातला मोठा भाग आज फ्रान्सच्या संग्रहालयांत आहे. पण त्याच राणीच्या खासगी दालनांसाठी त्याच वर्षांत कापलेल्या उरुशीचे कपाट तयार होत होते. डबी जपून ठेवणे आणि कपाट चिरणे या दोहोंच्या मुळाशी एकच दृष्टी आहे : वस्तू म्हणजे तिचा पृष्ठभाग. जो पृष्ठभागावर भाळतो, त्याला तो सोलून नेण्यात काही गैर वाटत नाही.

१५/
ज्यांना अस्सल परवडत नव्हते त्यांनी नक्कल केली. इंग्लंडात १६८८ मध्ये स्टॉकर आणि पार्कर यांनी या नकलेच्या कृतींचे पुस्तकच छापले. क्रियापदाचे नाव ‘जपानिंग’, आणि वापरलेले वॉर्निश पुष्कळदा शेलॅकचे, म्हणजे भारतातल्या लाखेचे. भारतीय लाखेचे नाव जपानी चिकाला, आणि जपानचे नाव भारतीय लाखेला. व्यापाराच्या वखारीत नावांची अदलाबदल किती सहज होते, याचे याहून चोख उदाहरण सापडणार नाही.

१६/
एकोणिसाव्या शतकात जपाननेही या खेळात आपण होऊन भाग घेतला. १८७१ मध्ये सरंजामी संस्थाने बरखास्त झाली, दाइम्योंचा आश्रय गेला आणि माकि-एचे निष्णात कारागीर उघड्यावर आले. नव्या सरकारला परकीय चलन हवे होते. व्हिएन्ना प्रदर्शनाच्या निमित्ताने जर्मन शब्दाला पर्याय म्हणून जपानीत ‘बिजुत्सु’ हा शब्द घडवला गेला, अर्थ ललित कला. तोवर अशा एका छत्राखाली वस्तू मोडत नव्हत्या. १८७४ मध्ये सरकारच्या पाठबळाने निर्यात कंपनी निघाली. शिबाता झेशिन (१८०७–१८९१) याच्यासारख्या खरोखर थोर कलावंताचे नाव याच लाटेवर जगभर गेले. म्हणून संपूर्ण दोष युरोपाच्या माथी मारणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. पोटासाठी विकणे आणि हौसेसाठी चिरणे यांत मात्र फरक राहतोच.

१७/
आता सर्वांत बळकट आक्षेप. जपानी उमराव तरी उरुशी वापरत होते की मिरवत होते? नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयातला ‘हात्सुने’ हा लग्नाचा रुखवत घ्या. शोगुन इएमित्सु याची कन्या चियोहिमे १६३९ मध्ये ओवारीच्या तोकुगावा घराण्यात दिली गेली, तेव्हा ती जेमतेम अडीच वर्षांची होती. तिच्यासाठी कोआमी नागाशिगे याच्या कारखान्याने फडताळे, आरशाची पेटी, लेखनसाहित्य, खेळांचे पट असा सारा सरंजाम सोन्याने मढवून दिला. अडीच वर्षांच्या मुलीला लेखनपेटीचा काय उपयोग? तो उघड उघड सत्तेचा देखावा होता. लोकांनी या संचाला नावही असे दिले की पाहता पाहता दिवस मावळावा.

आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागेल. होय, जपानातही उरुशी मिरवली गेली. पण तो संच आज, जवळपास चार शतकांनंतर, जवळजवळ अक्षत का आहे? प्रसंगापुरता मांडून तो पुन्हा पेट्यांत आणि पेट्या कोठारात गेल्या म्हणून. त्याच सुमाराच्या माझारिन पेटीचे दैव पाहा. शतकानुशतके दालनांच्या उजेडात राहिल्याने आणि वरून पाश्चात्त्य वॉर्निश फासले गेल्याने तिचा पृष्ठभाग इतका निकृष्ट झाला, की २००४ पासून चार वर्षांचा जतन-प्रकल्प हाती घ्यावा लागला.

१८/
माझारिन पेटीची एक जुळी बहीणही होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती लंडनमध्ये दिसेनाशी झाली आणि संग्रहालय अनेक दशके तिचा माग काढत राहिले. २०१३ मध्ये ती फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातल्या एका घरात सापडली. १९७० मध्ये लंडनमध्ये कोणी ती १०० पौंडांना विकत घेतली होती. आधी तिच्यावर टीव्ही ठेवला जाई, नंतर तिच्यात मद्याच्या बाटल्या. अखेर आम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाने ती लिलावात सुमारे ७३ लाख युरोंना घेतली. ही गोष्ट ‘बघा, किती अज्ञान!’ म्हणून सांगण्याची प्रथा आहे. पण अज्ञान नेमके कोणाचे? त्या गृहस्थांनी पेटीला निदान पेटी मानले. तिचे झाकण उघडत होते. आधीच्या तीनशे वर्षांच्या जाणकार मालकांत असे किती निघतील?

१९/
जतनावरूनही दोन मते आहेत. जपानी परंपरेत भेगाळलेला पृष्ठभाग पातळ केलेल्या उरुशीने पुन्हा घट्ट करतात, कारण उरुशीला उरुशीच हवी. पाश्चात्त्य जतनशास्त्र म्हणते, जे उद्या काढून टाकता येणार नाही ते आज लावू नका. दुर्मीळ ऐतिहासिक वस्तूंबाबत दुसरे मत सावध आहे आणि म्हणून शहाणपणाचेही. पण हाच ‘मूळ पृष्ठभागाला हात लावू नये’ हा मंत्र जुन्या वस्तूंच्या बाजाराने साध्या वाडग्यांनाही लावला, तेव्हा घोटाळा झाला. पितळेच्या पातेल्याला कल्हई करून आणली म्हणून ते पातेले बाटले, असे कोणत्याही मराठी घरात मानले जात नाही. वाजिमाच्या विक्रेत्यांकडे जुनी पात्रे दुरुस्तीला आणि नव्या लेपाला परत येतात. तो त्या धंद्याचाच एक भाग आहे. बाजारात मात्र नवा लेप दिलेल्या वाडग्याची किंमत उतरते आणि अर्धमेल्या वाडग्याची चढते.

२०/
आणि ‘व्हिंटेज जपानी लॅकर’ म्हणून जे सर्रास विकले जाते, त्यातले किती उरुशी असते? युद्धोत्तर काळातल्या कित्येक थाळ्या आणि डबे प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या साच्यावर कृत्रिम रंग मारलेले आहेत. काहींवर ‘काश्यू’ आहे : काजूच्या टरफलातल्या तेलापासून केलेला लेप. कोकण-गोव्यातल्या काजू कारखान्यांत बायकांचे हात जाळणारे तेल ते हेच. काजू स्वतः ब्राझीलहून पोर्तुगीजांबरोबर आलेला. काश्यू हा प्रामाणिक पर्याय आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. उरुशी म्हणून तो विकणे ही फसवणूक. वजन, बुडाशी साच्याची रेघ, कडेला उघडे पडलेले लाकूड किंवा प्लास्टिक, एवढे तरी घेणाऱ्याने पाहावे.

याच माळेतला मणी म्हणजे समाजमाध्यमांवरची ‘किंत्सुगी’. फुटलेले भांडे सोन्याने सांधण्याच्या या कलेत सांधतो कोण? उरुशी. सोने केवळ वरची भुकटी. आठवडे लागणाऱ्या या कामाची जागा दोन नळ्यांच्या गोंदाने आणि पितळी पावडरीने घेतली, वर मनाच्या जखमांवरचे प्रवचन जोडले, आणि चीक देणारे झाड पुन्हा एकदा चित्राबाहेर गेले.

२१/
हे सारे आता अधिक तातडीचे का? १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पाला ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. वाजिमा हे उरुशीकामाचे जपानातले एक प्रमुख गाव. तिथला सकाळच्या बाजाराचा परिसर आगीत खाक झाला. कारखाने, घरे, दुकाने कोसळली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महापुराने उरलेसुरले झोडपले. वाजिमाच्या एका वाडग्यामागे शंभराहून अधिक टप्पे असतात : लाकूड कातणारा वेगळा, कडांना कापड चिकटवून तिथल्या खास भाजलेल्या मातीची पूड उरुशीत कालवून थर देणारा वेगळा, घोटणारा वेगळा, शेवटचा लेप देणारा वेगळा, सोने शिंपडणारा वेगळा. साखळीतली एक कडी गाव सोडून गेली की बाकीचे हात थांबतात.

२२/
दुसरी टंचाई चिकाची. जपानात वापरल्या जाणाऱ्या उरुशीचा बहुतांश भाग आज चीनमधून येतो. देशी उरुशी मुख्यतः इवाते प्रांतातल्या निनोहे शहराच्या जोबोजी भागातून मिळते. २०१५ मध्ये जपानच्या सांस्कृतिक व्यवहार खात्याने राष्ट्रीय ठेवा मानलेल्या वास्तूंच्या दुरुस्तीत देशी उरुशीच वापरावी असे ठरवले, तेव्हा मंदिरांची गरज आणि झाडांची संख्या यांतली दरी उघडी पडली. जुनी पेटी लिलावात कितीही लाखांना गेली, तरी त्यातला एक येनही जोबोजीच्या रोपवाटिकेत जात नाही. तो पैसा एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जातो. रोज सूप पिण्यासाठी घेतलेल्या नव्या वाडग्याचा पैसा मात्र कातारी, लेपकार आणि चीक काढणारा यांच्यात वाटला जातो. वापराने हातांचे घर्षण होऊन त्या वाडग्याची चकाकी वाढते, आणि २० वर्षांनी तो नव्या लेपासाठी त्याच गावात परत जाऊ शकतो.

२३/
ज्यांच्या घरी जुनी उरुशी आधीच आहे, त्यांनी काय करावे? प्रकाशझोत काढावा. मोलाची वस्तू असेल तर ती मऊ सुती कापडात गुंडाळून, खिडकीपासून दूर, फार कोरड्या नसलेल्या जागी लाकडी पेटीत ठेवावी आणि सणावाराला बाहेर काढावी. पॉलिश, तेल, वॉर्निश काहीही लावू नये. साधा, धडधाकट आणि खरोखर उरुशीचाच वाडगा असेल, तर कोमट पाण्यात मऊ फडक्याने धुवावा, लगेच पुसावा, मायक्रोवेव्ह आणि भांडी धुण्याच्या यंत्रापासून दूर ठेवावा. आणि त्यात आमटी वाढावी.

जोबोजीत या वर्षी लावलेले रोप चरा सोसण्याजोगे व्हायला आणखी १० ते १५ वर्षे जातील. तोवर त्या चिकाची वाट पाहणारा लेपकार वाजिमात टिकलेला असेल की नाही, हे आज वाडगे विकत घेणारे लोक ठरवत आहेत.